अंगणातल्या तीन तारा

कपडे धुण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या साऱ्या तालुक्यात फार थोड्यांना कळत असेल, असं मी म्हटलं की माझी सून आणि नात एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत बापड्या. सौंसरच्या या घरात आम्ही चौघं राहतो. कोपऱ्यात धुण्याचं मशीन आहे, काम झालं की चार सूर गाऊन ते आपणहून थांबतं, आणि तरीही दर सोमवारी सकाळी माझा मुलगा टॉवेल गुंडाळून घरभर विचारत फिरतो की माझा पांढरा शर्ट कुठे गेला. शर्ट मशीनमध्येच असतो, ओला, काल दुपारपासून. मी चहा पीत बसते. सतरा वर्षांची असताना मी वीसेक माणसांचं धुणं सकाळच्या गाडीच्या आधी तारांवर घालून कॉलेजला जात होते, आणि माझ्या राज्यात कोणाचा शर्ट कधी हरवला नाही.

आमचं गाव रामाकोन्याजवळ, रेल्वेच्या छोट्या लायनीला लागून. घराच्या मागे गोठा, गोठ्यामागे बोरीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रूळ. छिंदवाड्याकडून येणारी ती बुटकी गाडी आधी रामाकोन्याला थांबायची आणि मग आमच्या गोठ्यामागून सौंसरकडे जायची. ती गेली की फडताळातली भांडी थरथरायची आणि चुलीपुढे बसलेली मोठीमाय मागे न बघता म्हणायची, "गेली." त्यावर आमचा दिवस चालायचा. घरात तीन भाऊ होते. थोरले मोठेबाबा, मधले माझे बाबा, धाकटे काकाजी. त्यांच्या बायका म्हणजे मोठीमाय, माझी माय आणि काकू. आणि आम्ही पोरं तर इतकी, की शाळेच्या मास्तरांनी एकदा हजेरी घेता घेता विचारलं होतं, तुमच्या घराचा वेगळा वर्ग काढू का म्हणून. चूल एक, तुरीच्या वरणाचं पातेलं एक, जवसाच्या चटणीचा दगडी खल एक. हिवाळ्यात संत्र्याचा तोडा सुरू झाला की साऱ्या घराला संत्र्याच्या सालीचा वास यायचा, भाकरीलासुद्धा. आपलं-परकं हा हिशोब आमच्याकडे नव्हता. मोठीमायच्या हाताला जो गाल लागेल त्याला थापड बसायची आणि ज्याचं ताट समोर येईल त्याला तूप.

कपड्यांचंही तसंच होतं, आणि तिथेच सारी गडबड होती. विहिरीजवळ एक काळा दगड होता. सकाळपासून तिथे कोणी ना कोणी वाकलेली असायची आणि मोगरीचा धप् धप् आवाज दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचा नाही. ढीग एकच. त्यात मोठेबाबांचं धोतर, पोरांच्या चड्ड्या, बायांची लुगडी, तान्ह्याची झबली आणि बगीच्यातून आलेले ते भयंकर कपडे. संत्र्याच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचं पाणी लावायचे, त्याचे निळे-हिरवे डाग, झाडाचा डिंक, वरून फवारणीच्या औषधाचा डोकं धरायला लावणारा वास. काकूचं नवं लुगडं एकदा या ढिगात गेलं आणि काकाजी आठवडाभर गुलाबी बंडी घालून फिरले. एकदा काकूच्या तान्ह्याच्या अंगावर पुरळ उठलं. कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं उष्णता, आणि मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कोणी झबलं नाकाला लावून पाहिलं नाही. मी पाहिलं. त्याला बगीच्याचा वास होता.

धुऊन झालं की सारं एकाच दोरीवर, एकावर एक. वरचं वाळायचं, खालचं आंबायचं. मग वाळलेल्याचा ढीग खाटेवर पडायचा आणि सकाळी त्या खाटेवर अशी झोंबाझोंबी चालायची, की एकदा माझा चुलतभाऊ माझ्या बहिणीची चड्डी घालून शाळेत गेला आणि तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. आज तो निवृत्त पटवारी आहे आणि ही गोष्ट काढलेली त्याला आवडत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि सौंसरच्या कॉलेजात नाव घालायचं माझ्या मनानं घेतलं. आमच्या घरातून तोवर कोणी मुलगी गाडीत बसून शिकायला गेली नव्हती. नेमकं त्याच उन्हाळ्यात मायच्या कमरेनं दगा दिला. तिला वाकता येईना. विहिरीवरच्या दगडाजवळ ती उभी राहायची आणि रडायची, दुखण्यानं कमी आणि लाजेनं जास्त. मोठीमाय चुलीपासून हलू शकत नव्हती, काकूच्या काखेत तान्हं. बाबा म्हणाले, "शोभे, तू गेल्यावर कपडे कोन धुईन?" घरातला शेवटचा शब्द मोठेबाबांचा. ते ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. थोडा वेळ कातरत राहिले आणि म्हणाले, "साऱ्या घरचे कपडे गाडीच्या आंधी तारेवर चढवशीन तं जाय. ज्या दिवशी नाई चढले, त्या दिवशी कॉलेज बंद." त्यांना वाटलं असेल की चार दिवसांत पोरगी दमेल. मला वाटलं, एवढंच ना?

मी पहिले दोन दिवस काही धुतलंच नाही, नुसती ढिगापाशी बसून राहिले. माय म्हणाली, पोरीला वारं लागलं. मी बघत होते की वेळ जातो कुठे. तो जायचा एकदा धुतलेलं पुन्हा धुण्यात. एकाचा रंग दुसऱ्याला, एकाचा वास तिसऱ्याला, आणि कोरडा मळ भल्या सकाळी घासून काढण्यात. माणसापरत्वे कपडे वेगळे करायचे हा विचार आधी मनात आला होता, पण आमच्याकडे कोणता कपडा कोणत्या माणसाचा हे सांगणारं होतं कोण? मग मी मळापरत्वे केले. पांढरे ते पांढरे, धोतरं, बंड्या, टोप्या, शाळेचे सदरे. रंगाचे ते रंगाचे, लुगडी, पोलकी, फ्रॉक, झबली. आणि बगीच्याचे ते बगीच्याचे. तिन्ही तीन घमेल्यांत, संध्याकाळीच भिजत. स्वयंपाक झाल्यावर विस्तवावर जे पाणी उरायचं ते गरम गरम ओतायचं, पांढऱ्यात सोडा, रंगाच्यात रिठ्याचं पाणी. बगीच्यातून येणाऱ्या माणसानं मागच्या दारानं यायचं, आपले कपडे आपल्या हातानं तिसऱ्या घमेल्यात बुडवायचे आणि मगच घरात पाय टाकायचा. खिसे रिकामे करून. मी दारात उभी राहायची. काकाजी म्हणायचे, "ठाणेदारीन आली बाप्पा," आणि बिडीचं बंडल काढून माझ्या हातात द्यायचे.

सकाळी मग उरायचं काय, तर मोगरीचे चार-चार फटके आणि खळबळणं. त्यातही प्रत्येकाला एक काम. मोठी पोरं पाणी शेंदायची, धाकटी बहीण खळबळायची, आणि नऊवारी लुगडं पिळायला दोन दांडगे चुलतभाऊ दोन टोकांना उभे राहून उलट-सुलट फिरायचे. ते काम त्यांना इतकं आवडायचं की त्यावरून मारामारी व्हायची. काकू वाळत घालायची. कुंपणाची जाड तार गोठ्यात उरलेली होती. एकाच दोरीवर वीस माणसं वाळत नाहीत, म्हणून बाबांकडून तिचे तीन तुकडे करून घेतले आणि अंगणात तीन तारा बांधल्या. पुढची, दिवसभर उन्हातली, पांढऱ्यासाठी. मधली कडुलिंबाच्या सावलीतली, लुगड्यांचा रंग उडू नये म्हणून. तिसरी गोठ्याकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला, बगीच्याच्या कपड्यांसाठी. वाळलेला कपडा खाटेवर टाकायचा नाही, तारेवरूनच घडी करून उतरवायचा. महिन्याभरात असं झालं की मी केस विंचरून, भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन स्टेशनकडे निघायची तेव्हा तिन्ही तारा भरलेल्या असायच्या. मोठीमाय शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्या शोभीनं घराले शिस्त लावली." मी तर जिल्हाधिकारी झाल्यासारखीच चालायची. पोळा झाला, दसरा आला, कॉलेजचा एक दिवस बुडाला नाही.

एक गोष्ट मात्र मी विचारात घेतली नव्हती, ती म्हणजे गाव. चुलीवर काय शिजतं ते घरात राहतं, पण कपडे अंगणात वाळतात. आमच्या गावात येणारा-जाणारा दोरीकडे बघून घरची खुशाली ओळखायचा. दुपटी दिसली, बाळंतीण आली. गोधड्या दिसल्या, पाहुणे येऊन गेले. आणि भाऊ वायले झाले, म्हणजे वेगळे निघाले, की सगळ्यात आधी अंगणात दुसरी दोरी बांधली जायची. वरच्या आळीत असंच झालं होतं. आता आमच्या घरात भाऊ तीन, आणि तारा तीन. वर आणखी तेल ओतायला दोन गोष्टी त्याच आठवड्यात झाल्या. विहिरीकडच्या तुकड्यातली जुनी संत्र्याची झाडं उपटून नवी लावावी असं काकाजींचं मत होतं, आणि ती झाडं आमच्या आजोबांनी लावलेली म्हणून मोठेबाबा हात लावू देत नव्हते. त्यावरून बगीच्यात दोघांचा आवाज चढला, तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. आणि आईला बरं नाही म्हणून काकू माहेरी गेली. गावानं दोन आणि दोन जोडले.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं ते सौंसरच्या व्यापाऱ्याकडून. उभा बगीचा, म्हणजे झाडावरची संत्री, घ्यायला तो दरवर्षी यायचा, मोठेबाबांशी बोलायचा, चहा प्यायचा आणि हातात हात देऊन जायचा. त्या वर्षी तो बगीच्याच्या धुऱ्यावर, बांधावरच उभा राहिला, पुढे येईना. बाबा तिथेच होते, त्यांनी नंतर सांगितलं. व्यापारी म्हणाला, "भाऊ, राग मानू नोका. बगीचा कोनाच्या हिश्श्यात आला? म्हंजे मले समजलं पायजे ना, सौद्याची गोठ कोनाशी करू ते."

"कायचा हिस्सा?" मोठेबाबा म्हणाले.

"बटवारा झाला ना तुमचा? साऱ्या बाजारात बोलून राहिले. तीन तारा बांधल्या म्हने अंगनात."

मोठेबाबा तसेच तडक घरी आले. मी नुकतीच गाडीनं परतले होते, हातात पुस्तकं तशीच होती. त्यांनी चप्पल काढली नाही, ओट्यावर बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "शोभे, त्या तारा काढ."

"काहून मोठेबाबा?"

"काढ म्हटलं तं काढ. एक दोरी होती, तेच ठेव."

"एका दोरीवर सारं नाई वायत. मंग मी गाडी कशी पकडू?"

"मंग नोको पकडू."

एवढंच. तारा गेल्या की कॉलेज गेलं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी भांडले असते, पण तेवढ्यात चुलीपुढून मोठीमाय बोलली, आणि ती जे बोलली त्यानं माझं कॉलेज बाजूलाच पडलं. ती म्हणाली, "हे पोट्टीचं डोकं नोहे. हे कोनीतरी शिकवलं म्हून ते करून राहिली." बोलता बोलता तिनं काकूच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. काकाजी मागच्या दारात उभे होते, फवारणीचे कपडे घमेल्यात बुडवून. ते तसेच ओल्या हातानं आत आले. "वयनी, सरळ बोला ना. माह्या बायकोचं नाव घ्या ना." जेवायला बसलो तर काकाजी पाटावरून उठून गेले. आमच्या घरात भरल्या ताटावरून कोणी उठल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला कळत होतं काय होऊन राहिलं ते. गावानं उठवलेली खोटी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर खरी होत होती, आणि तिला कारण माझ्या तारा. मला कोणाचा राग आला असेल तर तो सगळ्यांचाच आला. इतकी शहाणी माणसं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांना भितात!

दुसऱ्या दिवसाचं धुणं भिजत घालून झालं होतं. बाबा मोठेबाबांना म्हणाले, भिजलेलं तर धुऊ द्या, मग काढू. ते अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले. सकाळी मी गाडीला गेले नाही. हट्टानं दगडापाशी बसले आणि असं धुतलं, की आयुष्यात तसं पुन्हा धुतलं नाही. धोतरांना नीळ मोजकी, लुगड्यांची किनार न किनार ताणून, बगीच्याच्या कपड्यांचे मोरचुदाचे डागसुद्धा बरेचसे गेले. तिन्ही तारा काठोकाठ भरल्या. शेवटचं असेल तर पाहून घ्या म्हणावं, असं माझं चाललं होतं. गोठ्यामागून माझी गाडी माझ्याशिवाय गेली. मोठीमाय "गेली" म्हणाली नाही.

दुपारी आत्या आली. आत्या म्हणजे या तिघांची एकुलती बहीण, पांढुर्ण्याला दिलेली. तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती. त्या दिवशीही रस्त्याच्या वळणावरूनच रडणं ऐकू आलं, तेव्हा माय धडपडत उठून बसली, कोण गेलं म्हणून. आत्या अंगणात आली, तीन तारा पाहिल्या आणि मटकन खाली बसली. "केले ना शेवटी! माह्या भावाइचे तीन तुकडे केले ना वं!" पांढुर्ण्याच्या बाजारात आत्याच्या नवऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं. ती तशीच निघाली होती, वाटेत जामसांवलीला उतरून हनुमानजीला नारळ फोडला होता, सौंसरला बस बदलली होती. आणि तिच्या पिशवीत प्रसादाच्या तीन पुड्या होत्या. तीन घरांच्या तीन. घर मोडू नये म्हणून नारळ फोडला आणि मोडलंच आहे असं धरून पुड्या बांधून आणल्या, अशी आमची आत्या.

तिघे भाऊ ओट्याजवळ येऊन उभे राहिले, पण एकमेकांपासून लांब लांब. मोठेबाबांकडे बघून आत्या म्हणाली, "दादा, आता सांग. मी कोनाच्या घरी पाय ठिऊ? तुह्या घरी उतरली तं हे दोघं रुसतीन, धाकल्याकडे उतरली तं तू. माह्यं माहेर कोनतं दादा आता?" मोठेबाबांनी मान खाली घातली. मला ते सहन झालं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या धुण्याचा अपमानही सहन झाला नाही. मी आत्याचा हात धरला आणि तिला ओढत पुढच्या तारेपाशी नेलं.

"आत्या, तुले भावाइचे कपडे ओयखू येतात ना? सांग. दादाचं धोतर कोनतं?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले, रांगेतली धोतरं पाहिली आणि एकाला हात लावला. "हे. लाल काठाचं. दादाले लाल काठच लागते पयलेपासून."

"ते माह्यं हाय," ओट्यावरून बाबा म्हणाले.

"कायचं तुमचं, मधले भाऊ?" काकाजी पुढे आले. "त्याचा काठ फाटला पाहा खाली. तो बोरीच्या काट्यात माह्याच हातानं फाटला."

मग मोठेबाबा हळूच म्हणाले, "काल मीच नेसलो होतो ते."

आधी आतून माय हसली. कंबर धरून, कळ येत होती तरी हसत होती. मग काकाजी हसले, मग बाबा. मी आत्याला सोडलं नाही. दुसऱ्या तारेपाशी नेलं, तिसऱ्या तारेपाशी नेलं. "हे कोनाचं? हे कोनाचं? तीन घरं हायेत ना, मंग कोनत्या तारेवर कोनतं घर वायते, सांग!" प्रत्येक तारेवर सारेच वाळत होते. बगीच्याच्या सदऱ्यांत तर मलाही सांगता आलं नसतं. मधल्या तारेवर आत्यानं एक हिरवं पोलकं ओळखलं, "हे धाकलीचं." चुलीपासून उठून आलेली मोठीमाय दारात उभी होती. ती म्हणाली, "ते माह्यं. मीच तिले देल्लं होतं, तिच्यावर चांगलं दिसते म्हून." एवढं बोलून ती तारेपाशी आली, ते पोलकं उतरवलं, मांडीवर घेऊन बसली आणि घडी करत राहिली. घडी झाली तरी करत राहिली. मग कोणाकडे न बघता म्हणाली, "धाकलीले आनाले कोन जाते?"

"मी जातो ना उद्या, वयनी," काकाजी म्हणाले.

आत्यानं तिन्ही पुड्या सोडल्या आणि एकाच परातीत ओतल्या. पोरांनी त्यावर अशी धाड घातली की मोठ्यांच्या वाट्याला खोबऱ्याचे तुकडेच आले. आत्या मग चार दिवस राहिली, पाटवडीचा रस्सा झाला, आणि जाईपर्यंत ती तारांवरचे कपडे ओळखण्याचा खेळ खेळत राहिली. एकदाही अंदाज बरोबर आला नाही.

पण तारांचं काय, ते मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. मोठेबाबांनी काढ म्हटलं होतं, राहू दे असं म्हटलं नव्हतं. घर जुळलं होतं, पण गावाचं तोंड काही बंद झालं नव्हतं. व्यापारी पुन्हा येणार होता, रस्त्यानं जाणारा-येणारा पुन्हा तीन मोजणार होता. मोठेबाबांच्या जागी मी असते तर मीही काढायला लावल्या असत्या, असं वाटत होतं. तरी संध्याकाळी मी तिन्ही घमेल्यांत कपडे भिजत घातले. हात चालतच नव्हते, पण घातले.

सकाळी ठोकण्याच्या आवाजानं जाग आली. मला वाटलं, खुंट्या उपटून राहिले. तशीच धावत अंगणात आले. मोठेबाबा लिंबाखाली तिपाईवर उभे होते, तोंडात खिळा, हातात हातोडी, खांद्यावर तारेचं भेंडोळं. ओल्या कपड्याला कधी हात न लावलेला माणूस. तिन्ही तारा जागच्या जागी होत्या आणि ते चौथी बांधत होते.

"मोठेबाबा?"

त्यांनी तोंडातला खिळा काढला. "किती जनाले समजावत फिरशीन? तीन भाऊ अन् तीन तारा, गाव मोजते. आता मोजा म्हना." आणि तार ताणून तिला पीळ घातला.

"पन चौथी कोनाची म्हून इचारतीन ना."

ते तिपाईवरून उतरले, तार हातानं दाबून पाहिली. माझा हात पुरणार नाही इतकी उंच ती बांधली होती. ते त्यांच्याही लक्षात आलं, म्हणून विहिरीजवळचा एक चपटा दगड उचलून आणून त्यांनी तारेखाली ठेवला. मग म्हणाले, "सांग ना, घरच्या पोरीची हाय म्हना. कॉलेजात जाते ते."

मी आमच्याकडच्या वाटण्या पाहिलेल्या होत्या, पुढेही पाहिल्या. हिस्से भावांचे पडायचे, पोरींना कोणी मोजायचं नाही. तेव्हा हे काही माझ्या डोक्यात आलं नाही, मला फक्त एवढं कळलं की गाडी पकडायची आहे. कपडे झपाझप धुतले, तिन्ही तारा भरल्या. माझ्याकडे कॉलेजचे दोनच जोड होते. एक अंगात घातला, दुसऱ्याची पांढरी ओढणी त्या दगडावर चढून चौथ्या तारेवर टाकली आणि स्टेशनकडे पळाले.

गाडी रामाकोन्याहून सुटली तशी मी खिडकीला गाल लावून बसले. आमचा गोठा आला, बोरीचं कुंपण आलं, अंगण आलं. तिन्ही तारांवर वीस माणसं दाटीवाटीनं वाळत होती. चौथ्या तारेवर माझी एकटीची ओढणी होती, आणि जिथे कोणाचं काहीच वेगळं नव्हतं त्या घरात, ती बाजूला सरकवून कोणी आपलं काही तिथे टाकलं नव्हतं. मोठेबाबा खाली उभे राहून गाडीकडे बघत होते. डबे मोजत असावेत, कारण मी त्यांना दिसले नाही. मीच खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडले, "गेली, मोठेबाबा!"